पहिले दीडशे केबी

‘स्टॉप-डीजेव्हीयू’ने धरलेली डिस्क आली की आधी तिची सेक्टर-दर-सेक्टर प्रत काढतो आणि मूळ डिस्क बाजूला ठेवतो. विंडोज टाकायचं ते सगळ्यात शेवटी. त्यात सांगण्यासारखं काही नाही. माझी सगळी झटापट असते फोटोंच्या पहिल्या दीडशे केबीशी.

हा रॅन्समवेअर घाईत असतो. मोठी फाइल असली तरी सुरुवातीचे सुमारे १५० केबी एन्क्रिप्ट करतो, नावाला शेपूट जोडतो आणि पुढच्या फाइलकडे वळतो. स्वतःच्या सर्व्हरपर्यंत पोहोचता आलं नाही तर तो आत ठेवलेली ऑफलाइन की वापरतो. ती की उघड झालेली असेल, तर ऑक्टोबर २०१९ मध्ये आलेला एम्सिसॉफ्टचा मोफत डिक्रिप्टर फाइल सोडवून देतो. ऑनलाइन की लागली असली की तो मार्ग सहसा बंद. पण पाच एमबीच्या लग्नाच्या फोटोत दीडशे केबी म्हणजे किती? वरची एक पट्टी. मांडवाचं छत, झालर. नवरानवरी खाली शाबूत असतात.

त्याच कॅमेऱ्याचा, त्याच सेटिंगवरचा चांगला फोटो मागवून त्याचं हेडर जोडलं की चित्र उघडतं, पण सरकलेलं: नवरीचा उजवा खांदा डाव्या कडेला. ब्लॉक घालत-काढत ते जागेवर आणता येतं. खरा छळ रंगाचा. जेपेगमध्ये प्रत्येक ब्लॉकची उजळता आणि रंग आधीच्या ब्लॉकपासूनचा फरक म्हणून लिहिलेले असतात. सुरुवात गेली की फरक उरतात, पण ते कशापासूनचे हे कळत नाही. हळद हिरवी दिसते, शालू जांभळा. मग तीन आकडे, एक उजळतेचा आणि दोन रंगांचे, अंदाजाने हलवत बसायचं. माणसाची कातडी कशी दिसते हे डोळ्याला ठाऊक असावं लागतं.

हा डोळा हीच माझी मिजास होती. आमच्या शहरात माझ्यासारखे रंग कुणी परत आणत नाही, असं मी मनाशी म्हणत असे. कुणी ते तोंडावर बोलून दाखवलं की दिवस चांगला जाई. आता मोतीबिंदू उतरतोय. निळे रंग मळकट दिसतात. माझ्याकडे शिकायला आलेली मुलगी परवा म्हणाली, “सर, हा अजून निळा मारतोय.” मला तो बरोबर दिसत होता.

तिचा राग येत नाही. राग येतो तो डिस्क पाहताच फॉरमॅट मारून ‘डेटा गेला’ म्हणत मोकळे होणाऱ्यांचा. जागेवर नवं लिहिलं गेलं की जुन्या प्रतींचे अवशेष पुसलेल्या फाइल शोधणाऱ्या फोटोरेकलाही सापडत नाहीत. त्याहून संताप येतो नव्या विंडोजवर क्रॅक केलेलं फोटोशॉप आणि अ‍ॅक्टिव्हेटर टाकून देणाऱ्यांचा. हा रॅन्समवेअर बहुतेकदा तिथूनच तर आत शिरतो! मी टाकत नाही. गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

ऑपरेशननंतर रंग पुन्हा नीट दिसतील, असं डॉक्टर म्हणतात. तोवर सरकलेली चित्रं मी जागेवर आणतो आणि ते तीन आकडे तिच्या हाती सोपवतो. तिचे रंग माझ्यापेक्षा चांगले आहेत का, हे माझ्या डोळ्यांनी मला ठरवता येत नाही, आणि तेच फार लागतं. तरी दुरुस्त झालेला पहिला फोटो मोठ्या पडद्यावर उघडून दाखवायला मीच पुढे होतो. गिऱ्हाइकाचा चेहरा उजळतो तो क्षण मला अजून तिला देववत नाही.