फोन उचलला नाही तर रागावू नका



गणपतीच्या कार्यक्रमात दोघी-तिघींनी आम्हांला एकच प्रश्न विचारला, "अहो, तुमच्याकडे फोन कोणी उचलत का नाही?" संपादकांच्या कानावर ते पडले आणि त्यांनी "उत्तर अंकातच द्या" म्हणून एक पान राखून ठेवले. म्हणून हा लेखनप्रपंच. लेख आम्हां दोघांचा आहे. एकीने सांगितला, दुसऱ्याने उतरवून घेतला.

बऱ्याच जणांना ठाऊक आहे, काहींना नसेल. 2011 साली आमच्या घरात एम.एस. म्हणजे मल्टिपल स्क्लेरॉसिस हा पाहुणा आला आणि कायमचा राहिला. सुरुवात सौ.च्या उजव्या डोळ्यापासून झाली. डोळा हलवला की दुखे आणि लाल रंग फिका दिसे. मग पायाला मुंग्या, मग एमआरआय, मग निदान. शरीराची संरक्षणव्यवस्था चुकून आपल्याच मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या नसांवरचे आवरण खाते, असा हा आजार. विजेच्या वायरीवरचे प्लास्टिक झिजले की दिवा कधी लागतो, कधी फडफडतो, तसेच काहीसे. तो संसर्गजन्य नाही. ब्रिटनमध्ये दीड लाखाहून अधिक लोकांना तो आहे आणि त्यांत बायकांचे प्रमाण पुरुषांच्या दुपटीहून जास्त आहे. तेव्हा आपल्या मंडळात आमचे एकच घर असेल असे आम्हांला वाटत नाही.

ह्या दुखण्यात बाहेरून दिसत नाही ते म्हणजे थकवा. रात्रभर झोप होऊनही सकाळी दहालाच अंगातले सगळे संपावे, असा हा थकवा. आळस नव्हे, उदासपणाही नव्हे. आम्ही त्याचा सरळ जमाखर्च मांडतो. समजा, दिवसाला दहा रुपये मिळाले. आंघोळीला दोन, स्वयंपाकाला तीन, जिना चढायला एक. उरलेल्या चारांत दिवस काढायचा. उद्याचे आज उचलले तर उद्या अंथरुणातच जातो.

ह्या हिशेबात फोन किती महाग पडतो, हे आम्हांलाही अनुभवानेच कळले. बसल्या जागी बोलायचे, त्यात कसले कष्ट? पण फोन हातात धरला की बोटे बधिर होतात. समोरच्याचे ऐकायचे, लक्षात ठेवायचे, उत्तर जुळवायचे, आणि मागे टीव्ही आणि कुकरची शिट्टी. थकलेल्या मेंदूला हे सगळे एकदम पेलत नाही. शब्द जिभेवर येऊन अडतो, कधी बोलणे जड होते. समोर बसलेल्याला चेहरा दिसतो, त्याला समजते. फोनवर फक्त तुटक आवाज जातो.

सांगलीच्या आत्यांनी त्याचा अर्थ असा लावला, की लंडनला जाऊन पोरगी तुसडी झाली. वर्षभर त्यांनी फोन केला नाही. आजार त्यांना माहीत होता, पण आजार आणि फोन ह्यांचा संबंध कोणी जोडलाच नव्हता. शेवटी आम्ही दोघांनी त्यांना चार पानी पत्र लिहिले, वर जमाखर्चाचा तो हिशेब मांडला. आत्यांचे उत्तर एका ओळीचे आले: "मग दोन रुपयांचे बोलू." तेव्हापासून त्या रविवारी दहाच मिनिटे बोलतात आणि घड्याळ बघून स्वतःच फोन ठेवतात.

फोनची वेळही आम्ही बदलली. पूर्वी भारतातले फोन आमच्या रात्री किंवा पहाटे होत. आता सकाळी अकराला. तिकडे उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार वाजलेले असतात, दोन्ही वेळा चहाच्याच. अकरा वाजता सौ.ची शक्ती शिल्लक असते. फोनच्या आधी अर्धा तास पडून राहायचे, टीव्ही बंद, आणि काय बोलायचे ते चार शब्दांत कागदावर.

फोन आता हातात धरत नाही. टेबलाला अडकवायचा वाकता दांडा आणला, फोन त्यात आणि स्पीकर चालू. फोनच्या सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी नावाचा विभाग असतो, तो एकदा निवांत बसून पाहावा. अक्षरे मोठी करता येतात. कापऱ्या बोटाचा चुकून झालेला स्पर्श मोजू नये, असे फोनला सांगता येते. नुसत्या आवाजावरही फोन चालवता येतो. गूगलच्या कीबोर्डवर 2017 पासून मराठीत बोलून टाइप करता येते. आमचे बोलणे तो अधूनमधून भलतेच लिहितो, पण वाचणाऱ्याची करमणूक होते. सगळ्यांत उपयोगी पडले ते व्हॉट्सॲपवरचे आवाजी निरोप. शब्द अडला तर थांबता येते आणि पलीकडे कोणी ताटकळत नसते.

डॉक्टरांच्या सर्जरीला सकाळी आठच्या ठोक्याला फोन लावून रांगेत चाळीस मिनिटे संगीत ऐकणे आम्ही सोडले. नेहमीची औषधे एनएचएस ॲपवरून मागवतो. एम.एस. नर्सच्या यंत्रावर निरोप ठेवताना समोर कागद असतो: नाव, जन्मतारीख, काय होते आहे, कधीपासून.

तीन वर्षांपूर्वी सौ. स्वयंपाकघरात पडली. फोन दिवाणखान्यात होता. पाऊण तास ती फरशीवर होती. तेव्हापासून जुन्या साडीच्या काठाचा शिवलेला बटवा गळ्यात असतो आणि त्यात फोन. बोलणे जड होणाऱ्यांनी 999 ला एसएमएस करायची सोयही करून ठेवावी. इंग्रजीत 'रजिस्टर' हा शब्द 999 ला पाठवायचा आणि उत्तर आले की 'येस' पाठवायचे. हे आधीच करावे लागते, ऐन वेळी नाही. दुसरे, इथल्या तांब्याच्या तारांवरच्या जुन्या लाइनी जानेवारी 2027 पर्यंत बंद करून लँडलाइन इंटरनेटवर नेण्याचे ठरले आहे. तसा फोन वीज गेली की बंद पडतो. ज्यांचा भरवसा लँडलाइनवरच आहे, त्यांनी कंपनीला तसे कळवावे. वीज गेल्यावरही 999 लावता यावा, अशी सोय त्यांनी द्यायची असते.

उष्णतेचेही सांगायला हवे. अंग थोडे जरी तापले तरी झिजलेल्या नसांचे काम आणखी मंदावते. जर्मन डॉक्टर विल्हेल्म उथॉफ ह्यांनी 1890 साली हे लिहून ठेवले. गार झाल्यावर बहुधा पूर्ववत होते. म्हणून पोळ्या सकाळी, उंच स्टुलावर बसून, खिडकी उघडी ठेवून आणि एका वेळी सहाच. दिवाळीचे अभ्यंगस्नान कोमट पाण्याने. भारतात मे महिन्यात नाही, जानेवारीत. विमान कंपनीला निदान 48 तास आधी कळवले तर विमानतळावर मदत फुकट मिळते. व्हीलचेअरवरून उतरताना पाहून नातेवाईक रडू लागतात, त्यांना आधीच फोनवर सांगून ठेवावे.

आता आमची विनंती.

1. फोन करण्याआधी निरोप पाठवा: "दहा मिनिटे बोलू या का?" उत्तर "आज नको" आले तर ते आजपुरतेच आहे.

2. शब्द अडला तर थांबा. आमच्या वतीने वाक्य पूर्ण करू नका.

3. "दिसतेस तर छान" असे म्हणू नका. दिसण्याचा आणि ह्या आजाराचा संबंध नाही.

4. औषधे सुचवू नका. तूप, हळद, गोमूत्र, सगळे ऐकून झाले. काल काय शिजवले ते सांगा, मुलांचे सांगा, शेजारणीची भांडणे सांगा.

5. आणि फोन करणे थांबवू नका. उचलला नाही तरी स्क्रीनवर तुमचे नाव दिसते. दिवसभर अंथरुणात असताना ते नाव फार मोलाचे असते.

शेवटी, ज्यांच्या घरात हा आजार आहे पण अजून कोणाला सांगितलेला नाही, त्यांच्यासाठी. एम.एस. सोसायटीची हेल्पलाइन 0808 800 8000 आहे, ती फुकट आहे. ही संस्था इथे 1953 पासून आहे. आणि मराठीतच बोलायचे असेल, तर आमचा नंबर संपादकांकडे आहे. सकाळी अकराची वेळ बरी. दहा मिनिटे नक्की देऊ, नावगाव विचारणार नाही.

इति लेखनसीमा.

– एक सभासद दांपत्य