उंबरठा

विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकत असताना मला माझ्या नीटनेटकेपणाचा मोठा अभिमान होता. वहीत खाडाखोड नसावी, आलेखातील एकही बिंदू रेषेबाहेर जाऊ नये, असा माझा कटाक्ष असे. हा अभिमान सिलिकॉनच्या एका पातळ तुकड्याने उतरविला.

प्रयोगशाळेत एका काळोख्या पेटीत तो तुकडा ठेवलेला असे. त्याची जाडी मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. आणि त्याच्या पृष्ठभागावर केसाच्या जाडीएवढ्या अंतराने आखलेल्या शेकडो समांतर पट्ट्या. पेटीतील किरणोत्सर्गी पदार्थापासून निघालेला वेगवान कण त्यातून आरपार गेला, की वाटेत सुमारे वीस-बावीस हजार इलेक्ट्रॉन मोकळे होत आणि जवळच्या पट्टीवर विजेचा एक सूक्ष्म ठोका उमटे. वीस हजार हा आकडा मोठा वाटतो खरा. पण हातातील बॅटरीच्या दिव्यातून एका सेकंदात जेवढे इलेक्ट्रॉन वाहतात, त्यांच्यापुढे तो समुद्रातील थेंबाएवढाही नाही. म्हणून पट्ट्यांच्या टोकाशी नखाएवढी एक चिप जोडलेली असे. तो ठोका ऐकायचा आणि मोठा करून पुढे धाडायचा, हे तिचे काम.

परंतु ही यंत्रणा कधीच पूर्णपणे शांत नसते. उष्णतेमुळे तिच्यातील इलेक्ट्रॉन सारखे चुळबुळत असतात. त्यामुळे कण आला नाही तरी प्रत्येक पट्टीवर थोडा गोंगाट चालूच राहतो. यासाठी एक मर्यादा ठरवावी लागते. तिच्याहून मोठा ठोका कणाचा मानायचा, लहान ठोका सोडून द्यायचा. या मर्यादेला आम्ही उंबरठा म्हणत असू.

मी तो उंबरठा वाढवीत गेलो. पडद्यावरील खोटे ठोके एकेक करून नाहीसे झाले आणि केवळ उंच, ठसठशीत ठोके उरले. इतकी स्वच्छ नोंद आमच्यापैकी कोणाचीच नव्हती. मी ती मोठ्या ऐटीत सरांपुढे ठेवली.

सरांनी ती बराच वेळ न्याहाळली आणि विचारले, "दोन पट्ट्यांच्या मधून गेलेले कण यात कोठे आहेत?"

मी निरुत्तर झालो. अशा कणाचा विद्युत्प्रभार दोन पट्ट्यांत वाटला जातो. थोडा इकडे, थोडा तिकडे. त्यांतला कोणताच वाटा माझा उंच उंबरठा ओलांडू शकत नव्हता. गोंगाटाबरोबर मी खरे पाहुणेही दारातून परत पाठविले होते! आणि मौज अशी, की आपली वाट सर्वांत अचूक सांगतात ते हेच कण. दोन्ही पट्ट्यांचे वाटे ताडून पाहिले, म्हणजे कण त्यांच्यामध्ये नेमका कोठून गेला ते कळते.

"मग उंबरठा खाली आणू का, सर?"

"नुसता खाली आणलास, तर गोंगाट आत शिरेल. कण नसताना प्रत्येक पट्टी किती चुळबुळते, ते आधी मोज."

आठवडाभर मी किरणोत्सर्गी पदार्थ दूर ठेवून तेच मोजीत बसलो. प्रत्येक पट्टीचा स्वभाव निराळा निघाला. मग प्रत्येकीला तिच्या स्वभावानुसार उंबरठा दिला. शिवाय, एका पट्टीने स्पष्ट ठोका दिला, तर तिच्या शेजारणीचे म्हणणे थोड्या खालच्या उंबरठ्यावरही ऐकावे, असा नियम केला. नवी नोंद पहिलीइतकी देखणी नव्हती. पण हरवलेले कण परतले होते.

हाच नियम पुढे मला फार मोठ्या ठिकाणी भेटला. स्वित्झर्लंड व फ्रान्स यांच्या सरहद्दीवर सर्न ही संशोधनसंस्था आहे. तेथे 'सीएमएस' या यंत्रासाठी सुमारे ९३ लाख पट्ट्या जमिनीखाली बसविण्यात आल्या. त्यांच्या मध्यभागी प्रोटॉनांचे थवे दर सेकंदाला सुमारे ४ कोटी वेळा एकमेकांतून जात. एकेक चिप १२८ पट्ट्यांचे ठोके ऐके आणि प्रत्येक पट्टीसाठी असलेल्या १९२ घरांच्या इवल्याशा स्मृतीत ते क्षणभर सांभाळून ठेवी. सेकंदाच्या सुमारे ४ दशलक्षांश भागात यंत्राच्या इतर भागांकडून निरोप येई: ठेवा किंवा पुसा. सेकंदाला फार तर एक लाख क्षण निवडले जात. बाकीचे कायमचे जात. निवडलेल्या ठोक्यांना मात्र प्रत्येक पट्टीच्या स्वभावाप्रमाणेच उंबरठा लावला जाई, आणि शेजारणीला थोडा खालचा. ४ जुलै २०१२ रोजी हिग्ज कणासारखा नवा कण सापडल्याची वार्ता सर्नने जगाला दिली. त्या शोधात या पट्ट्यांच्या नोंदींचाही वाटा होता.

आजही माझी वही नीटनेटकीच असते. पण एखादी नोंद फारच स्वच्छ दिसू लागली, की मी थांबतो. आणि उंबरठ्याबाहेर कोणी ताटकळत उभे तर नाही ना, ते आधी पाहून येतो.