सासूबाईंचं वेगळं बिऱ्हाड

"सुनेनं म्हातारीला एकटं टाकलं!" हे वाक्य गेल्या तीन वर्षांत मी किती जणींच्या डोळ्यांत वाचलं, त्याची मोजदाद नाही. मैत्रिणींनो, तुमच्यावरही अशी वेळ येईल, म्हणून मोकळेपणानं सांगते.

मामंजी गेले आणि आम्ही सासूबाईंना मेहकरहून बुलढाण्याला आणलं. मी मनापासून सगळं करत होते. त्यांनी भाजीला हात लावला, की मी म्हणायची, "तुम्ही बसा हो!" एक दिवस त्या म्हणाल्या, "माय, तुहं काही चुकलं नाई. पण बसून बसून मी पाहुणी झाली. मले माह्या घरी जाऊ दे."

मला रागच आला. खरं सांगू? त्यांच्या काळजीपेक्षा लोक काय म्हणतील, हीच धास्ती जास्त होती.

पर्याय सगळे पाहिले. पुण्यात 'अथश्री'सारख्या खास ज्येष्ठांसाठी बांधलेल्या वसाहती आहेत. पण तिथं शारंगधर बालाजीचं दर्शन कुठलं आणि जन्माची शेजारीण कुठली? वृद्धाश्रमाचं नाव काढताच त्या म्हणाल्या, "घर असताना आश्रम काऊन?"

मग घरच त्यांच्या वयाला जुळवून घेतलं. परसातला संडास आत आणला, कमोड बसवला, भिंतीला धरायला दांडी लावली. न्हाणीत खरखरीत फरशी घातली आणि वाटेत रात्रभर जळणारा छोटा दिवा. पुढच्या दोन खोल्यांत एक शिक्षिका कुटुंबासह भाड्यानं राहते. भाड्यापेक्षा हाकेला ओ देणारं माणूस मोलाचं. एक किल्ली तिच्याकडे असते. ज्येष्ठांसाठीच्या मदतीचा 14567 हा क्रमांक फोनशेजारी मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलाय.

खरी अडचण आली ती कागदांची. घर सासूबाईंच्या नावावर. "आता माझ्या नावे बक्षीसपत्र करून टाक," असं आमच्याकडचे म्हणाले. ओळखीच्या वकीलबाईंनी समजावलं, बक्षीसपत्र नोंदवलं की घर हातचं जातं. मृत्युपत्र मात्र आपल्यामागे लागू होतं आणि हयातीत केव्हाही बदलता येतं. 2007च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानं, सांभाळ झाला नाही तर बक्षीसपत्र रद्द करून मागता येतं. त्यासाठी सांभाळण्याची अट कागदातच स्पष्ट लिहून घ्यावी. सासूबाईंनी शांतपणे ऐकलं. "पोरगा माहा चांगला हाये. पण घर मी गेल्यावर." मृत्युपत्रच झालं. हे दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाले, "बरोबर आहे तिचं."

गेल्या पावसाळ्यात त्यांना रात्री ताप भरला. शिक्षिकेचा फोन आला, आम्ही पहाटे पोचलो. इकडे आणलं, तेव्हा वाटलं, आता काही परत जायच्या नाहीत. आठ दिवसांनी बघते तर पिशवी भरून तयार! 2022 साली पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना एस.टी. मोफत झाली, तेव्हापासून तर त्यांना कुणाची वाटही पाहावी लागत नाही.

महिन्यातून एकदा त्या येतात. आता मी "तुम्ही बसा" म्हणत नाही. मेथीची जुडी आणि विळी त्यांच्यापुढे सरकवते.