तोच डबा

मुलांनो, ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी मुंबईच्या लोकलगाड्यांत सात बॉम्ब फुटले. त्यांतला एक आमच्या जोगेश्वरीत फुटला. अब्बा अजून घरी आले नव्हते. टीव्हीवर फुटलेला डबा सारखा दाखवत होते. धाकटी बहीण बोटे मोजत होती. "आणखी एक गाडी फुटली! नऊ झाल्या!" ती रडत म्हणाली. अम्मीने टीव्ही बंद केला. "बेटी, डबा तोच आहे. पुन्हा पुन्हा दाखवतात."

"अब्बा कुठे आहेत?"

"मला ठाऊक नाही. आपण वाट पाहू." शेजारचे लोक चादरी घेऊन जखमींना उचलायला धावले आहेत, हेही अम्मीने तिला सांगितले.

तुमच्या घरीही लहान भावंडे असतील. बातम्या पाहून त्यांना काय वाटते, कधी विचारले आहे का?

रात्री उशिरा अब्बा अंधेरीहून चालत आले. बहीण जागीच होती.