रामसेंचा मुखवटा

पोस्टरवर सर्वांत मोठा चेहरा त्याचा. नायक-नायिका खाली कोपऱ्यात. पब्लिक यायचं त्याच्यासाठी, तिकिटं खपायची त्याच्या जिवावर, आणि मानधन म्हणून तो एक पैसाही मागायचा नाही. रामसे बंधूंच्या भयपटांतला हा राक्षसी मुखवटा. कमी पैशांत भुताचे पिक्चर काढणाऱ्या निर्मात्याची कारकीर्द समजून घ्यायची, तर आधी याची ओळख करून घ्यावी.

त्याचा जन्म एका पडलेल्या पिक्चरमधला. फाळणीनंतर कराचीहून मुंबईत आलेले एफ. यू. रामसे मूळचे रेडिओच्या धंद्यातले. १९७० साली त्यांनी काढलेला ‘एक नन्ही मुन्नी लड़की थी’ चालला नाही. पण त्यात पृथ्वीराज कपूर भयानक मुखवटा चढवून चोरी करायला येतात, त्या प्रसंगाला थिएटर शहारायचं. तेवढ्यासाठी माणसं परत येतात, हे मुलांनी हेरलं आणि वडिलांना गळ घातली: अख्खा पिक्चरच भीतीचा काढू या.

१९७२चा ‘दो गज़ ज़मीन के नीचे’ असा उभा राहिला. सारं युनिट महाबळेश्वरला गेलं, सरकारी विश्रामगृहात उतरलं आणि साधारण चाळीस दिवसांत काम उरकून परतलं. सात भाऊ हेच युनिट. लेखन कुमार यांचं, दिग्दर्शन तुलसी आणि श्याम यांचं, कॅमेरा गंगू यांचा, आवाज किरण यांचा. स्वयंपाकही घरच्या बायकांचा. जिथे मोठा नट परवडत नव्हता, तिथे मुखवटा उभा राहिला.

स्वभावाने तो बुजरा. भरपूर उजेड पडला की मानेपाशी रबराची कड दिसते, रंगाचा थर कळतो, हसला तर गाल हलत नाहीत. म्हणून त्याला रात्र हवी, धूर हवा, खालून मारलेला लाल-हिरवा लाइट हवा. आणि पडद्यावर यायचं ते उशिरा, क्षणभर. आधी दार करकरतं, वारा सुटतो, कंदील विझतो, मग तो. पैसे नव्हते म्हणून त्याला जपून वापरावं लागलं, आणि जपून वापरला म्हणूनच त्याचा धाक टिकला. ओढगस्तीतून आलेली ही खरी कारागिरी होती.

१९८४च्या ‘पुराना मंदिर’मध्ये तर रबराचीही फारशी गरज उरली नाही. रुडकीला शिकलेले सिव्हिल इंजिनियर अनिरुद्ध अगरवाल त्यातला राक्षस सामरी झाले. सहा फुटांहून उंच देह, लांबोडा चेहरा, खोल डोळे. थोडासा मेकअप आणि काम झालं.

आमच्या वाणगावच्या मिरचीच्या वाड्यांत तो आला व्हीसीआरवरून. पूजेच्या किंवा गणपतीच्या रात्री वर्गणी काढून मशीन भाड्याने आणायचं, टीव्ही अंगणात मांडायचा आणि रात्रभर ओळीने पिक्चर. कॅसेट इतकी घासलेली असायची की चित्रावर पाऊस पडायचा. त्या पावसात रबराची कड बुडून जायची आणि मुखवटा उलट जास्तच जिवंत वाटायचा. पोरं आईच्या पदराआडून बघायची, पण उठून जायची नाहीत.

याचं कारण आमच्या जिल्ह्यातच आहे. जव्हार-मोखाड्याकडे होळीनंतर बोहाडा होतो. मशालींच्या उजेडात, संबळ-सनईवर देवांची आणि राक्षसांची सोंगं मुखवटे चढवून नाचतात. आत ओळखीचा माणूस आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी अंगावर काटा येतो. मुखवट्याला घाबरण्यासाठी फसावं लागत नाही, मनापासून सामील व्हावं लागतं. रामसेंचा प्रेक्षक भाबडा होता असं म्हणणाऱ्यांना ही गोष्ट कळलीच नाही.

उतरती कळा लागली ती दर्शन सोपं झाल्यावर. १९८८ला ‘वीराना’, १९९०ला ‘बंद दरवाज़ा’ आला. १९९३मध्ये ‘झी हॉरर शो’ सुरू झाला आणि मुखवटा दर आठवड्याला घरी येऊ लागला. दिवाणखान्यात ट्यूब लावून, जेवता जेवता लोक त्याला बघू लागले. दबा धरून बसणं हेच ज्याचं बळ, त्याला नेहमीचा पाहुणा केल्यावर धाक राहणार कुठून?

तुलसी २०१८मध्ये गेले, श्याम २०१९मध्ये, कुमार २०२१मध्ये, गंगू २०२४मध्ये. त्यांचे जुने पिक्चर आज महोत्सवांतून दाखवले जातात, त्यांच्यावर पुस्तकं निघतात. हे रास्तच आहे. पण बोहाड्याचे मुखवटे आपण लोककला म्हणून हौसेने घरात लावतो, तोच मान या रबराच्या मुखवट्याला आणि तो घडवणाऱ्या हातांना मिळायला हवा. त्यानेही गावोगावची माणसं रात्रभर एकमेकांना खेटून बसवली, आणि तेही घरच्या माणसांच्या कष्टावर उभ्या राहिलेल्या पिक्चरमधून. एवढं काम करून दाखवणारा कलावंतच म्हणायचा.