आमची नावडती मोटार

आमच्या दारापुढें एक करड्या रंगाची लहानशी मोटार उभी असते. तिची पहिली नोंद सन २००९ मधली. मनुष्याच्या मानानें हें वय कोवळें असलें तरी मोटारीच्या मानानें ती आतां वृद्धच म्हणावयाची. ती ज्या कंपनीची आहे तिचें नांव आमच्या घरांत सतरा वर्षें कोणी घेत नसे, आणि येथेंही आम्ही तें घेणार नाहीं. ज्या विद्यार्थ्यांस गाड्यांचा नाद आहे त्यांनीं शाळेच्या फाटकाशीं उभें राहून तें केव्हांच वाचलें असेल. त्यांनीं तें कृपा करून पोटांत ठेवावें.

या वैराचें मूळ सन २००१ च्या मे महिन्यांत आहे. आमचे तीर्थरूप वाई येथें एका कचेरींत कारकून होते. भविष्यनिर्वाह निधींतून आगाऊ रक्कम काढून त्यांनीं त्या कंपनीची एक जुनी मोटार घेतली होती. आमची दहावीची परीक्षा नुकतीच संपली होती, आणि पांचगणीस मावशीकडे चार दिवस राहावयाचें ठरलें. पुढें तीर्थरूप व त्यांच्या शेजारीं आम्ही. मागें मातोश्री, धाकटी बहीण आणि आंब्यांची करंडी. वाईहून पांचगणी सुमारें १२ किलोमीटर, पण त्यांतील बहुतेक वाट म्हणजे पसरणीचा घाट. (पसरणी हें शाहीर साबळे यांचें जन्मगांव, तें पायथ्याशीं लागतें.) घाट लागतांच आमची बडबड ऐकून तीर्थरूपांनीं दटावलें, "घाट संपेपर्यंत कोणीं बोलावयाचें नाहीं." ऐन दुपारचें ऊन होतें. पुढें एक भरलेली मालमोटार मुंगीच्या पावलांनीं चढत होती, आणि तिला मागें टाकावयास जागा नव्हती. अर्ध्याहून अधिक घाट चढून गेल्यावर पुढच्या झांकणाखालून वाफेचे लोट निघाले, आणि गाडी जी थांबली ती पुन्हां चालू झाली नाहीं.

टेम्पोच्या मागें दोरानें बांधून तिला खालीं आणली. दुसऱ्या दिवशीं कारागिरानें तेल ओतावयाचें झांकण उघडून दाखविलें. त्याच्या आंतल्या अंगास दुधाच्या सायीसारखा पांढरट थर जमला होता. पाणी तेलांत मिसळल्याची ती खूण. इंजिनाचा ॲल्युमिनियमचा माथा तापून वांकला होता. दुरुस्तीचा आंकडा ऐकून तीर्थरूप खालीं बसले. गाडी भंगाराच्या भावानें गेली. हप्ता मात्र पुढें दोन वर्षें पगारांतून कापला जात होता. तीर्थरूपांनीं माळ्यावरची सायकल खालीं काढली आणि त्यानंतर मोटारीचें चाक कधीं हातीं धरलें नाहीं. "ती कंपनीच तसली," असा निकाल घरानें दिला, आणि त्यावर अपील नव्हतें.

असलें वैर आमच्या आजोबांस समजलें नसतें. त्यांच्या काळीं निवड ती कसली? एक उत्तरपाड्याची ॲम्बॅसेडर, दुसरी कुर्ल्याची फियाट, जिचें पुढें पद्मिनी असें नामकरण झालें. सन १९८३ च्या डिसेंबरांत मारुति ८०० आली तोंपर्यंत सामान्य माणसापुढें बहुधा एवढाच पसारा असे. मोटार बिघडणारच हें धरून चालूनच लोक ती घेत, आणि पान्याशीं त्यांची ओळख चाकाइतकीच असे. कदाचित् म्हणूनच त्या गाड्या इतक्या टिकल्या: ॲम्बॅसेडर सन २०१४ पर्यंत कारखान्यांतून निघत होती, आणि मुंबईची शेवटची काळीपिवळी पद्मिनी सन २०२३ च्या ऑक्टोबरांत रस्त्यावरून उतरली. पुढें पुष्कळ कंपन्या आल्या, तेव्हां विश्वास आणि अविश्वास हेही बाजारांत आले आणि त्यांची किंमत रुपयांत होऊं लागली.

ही किंमत आम्हांस सन २०१८ मध्यें कळली. तीर्थरूपांचीं मूत्रपिंडें निकामी झालीं आणि आठवड्यांतून दोनदां डायालिसिससाठीं त्यांस साताऱ्यास नेणें भाग पडलें. वाई ते सातारा सुमारें ३५ किलोमीटर. जातांना एस. टी. चालत असे, परंतु चार तास यंत्राशीं खिळून बाहेर पडलेल्या मनुष्यास स्थानकावर उभें करणें फार कठीण. एकदां ते फलाटावरच बसून राहिले आणि म्हणाले, "तूं जा, मी मागाहून येतों." त्या रात्रीं आम्हीं पासबुक काढलें. गांठीस एक लाख रुपये होते. नामांकित कंपनीची नऊ वर्षांची मोटार दीड लाखाच्या खालीं मिळेना. तेवढीच चाललेली, तितक्याच वयाची, परंतु 'तसल्या' कंपनीची एक मोटार पंचाण्णव हजारांस मिळत होती.

ती आमच्या आळींतील एका निवृत्त पोस्टमास्तरांची होती. त्यांची दृष्टि मंदावली होती. आम्हीं मनांतील शंका बोलून दाखविली तेव्हां ते म्हणाले, "कंपनीविषयीं मी कांहीं बोलणार नाहीं. गाडीविषयीं विचारा." आणि त्यांनीं एक वही पुढें केली. पोस्टांतील मनुष्याचीच ती वही! प्रत्येक पेट्रोलभरणी, प्रत्येक तेलबदल, प्रत्येक पंक्चर, त्यापुढें दिनांक व किलोमीटर. जुन्या गाड्यांचे आंकडे मागें फिरवून विकणारे लबाड बाजारांत असतात. येथें वहीचा शेवटचा आंकडा व गाडींतला आंकडा यांत सात किलोमीटरांचें अंतर होतें. तेवढीही चूक नव्हती; आदल्या दिवशीं ते मेणवलीस जाऊन आले होते.

हस्तांतराचे २९ व ३० क्रमांकांचे नमुने भरले, विमा चौदा दिवसांच्या आंत नांवावर करून घेतला, आणि मोटार दारीं आली. तीर्थरूप ओट्यावर बसले होते. त्यांनीं समोरचें चिन्ह पाहिलें, मग आमच्याकडे पाहिलें आणि उठून आंत गेले. सोमवारीं मात्र निमूटपणें येऊन बसले, तेही मागें नव्हे तर आमच्या शेजारीं, जेथून सारे कांटे दिसतात त्या जागीं.

नावडतीचें मीठ अळणी, अशी म्हण आहे. या मोटारीनें खिडकीची कांच जरा करकरविली तरी आम्हांस तींत कंपनीचा दोष दिसे. शेजाऱ्याची नामांकित गाडी आठवड्यांतून एकदां ढकलावी लागे, तिला कोणी नांव ठेवीत नसे. परंतु या संशयामुळें एक गोष्ट घडली. आम्ही दर सकाळीं पाणी पाहूं लागलों, दर रविवारीं तेलाची कांडी पुसून पातळी पाहूं लागलों, आणि वही पुढें चालू ठेवली. ती चाळतांना ध्यानांत आलें कीं, इतक्या नोंदींत टायमिंग बेल्टची एकही नोंद नाहीं. हा दांते असलेला रबरी पट्टा होय. खालचा मुख्य दंड दोनदां फिरला म्हणजे वरचा, झडपा उघडणारा दंड एकदां फिरावा, हा मेळ तो राखतो. तो बाहेरून दिसत नाहीं, तुटण्यापूर्वीं बहुधा आवाजही करीत नाहीं. आणि आमच्या गाडीसारख्या इंजिनांत तो चालतांना तुटला तर उघड्या राहिलेल्या झडपांवर दट्टे आदळून सर्वच खेळ आटोपतो. मिस्त्रींनीं आवरण काढलें. पट्ट्याच्या पाठीवर बारीक भेगा पडल्या होत्या. पोस्टमास्तरांसही त्याची कल्पना नव्हती. विश्वासाच्या कंपनीची गाडी असती तर आम्हीं तें आवरण उघडविलें असतें काय? बहुधा नाहीं.

सन २०१९ च्या मे महिन्यांतली गोष्ट. साताऱ्याहून परततांना आनेवाडीच्या टोलनाक्यावर वाहनांची लांब रांग लागली होती. फास्टॅग तेव्हां सर्वांस सक्तीचा झाला नव्हता. गाडी दोन पावलें सरके आणि थांबे. आमचें लक्ष पुढच्या वाहनाकडे होतें. तीर्थरूप डोळे मिटून पडले आहेत असें आम्हांस वाटलें, परंतु ते एकाएकीं म्हणाले, "अरे, कांटा बघ."

कांटा तांबड्या रेघेच्या खालीं बोटभर राहिला होता. पाणी थंड करणारा पंखा फिरत नव्हता. धांवत्या गाडीस वारा तरी मिळतो. संथ चालणाऱ्या गाडीचा सारा भार त्या पंख्यावर असतो. मागच्यांनीं भोंग्यांचा एकच गिल्ला केला. तरी आम्हीं गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलें. तापलेल्या रेडिएटरचें झांकण मुळींच उघडूं नये, उकळतें पाणी तोंडावर उडतें, एवढें आम्हांस ठाऊक होतें. पाऊण तास आम्ही दोघे पत्र्याच्या सावलींत बसलों. तीर्थरूपांच्या हातावरची पट्टी अजून ओलीच होती. मग थोडें थोडें जात, थांबत, आम्ही घरीं आलों.

पंख्याचा स्विच जळला होता. नवा बसवीत असतां मिस्त्री म्हणाले, "ही या कंपनीची खोडच आहे. हे स्विच टिकत नाहींत." आम्हांस विजय मिळाल्यासारखें वाटलें, आणि आम्हीं त्यांस पसरणीच्या घाटाची कथा ऐकविली. त्यांनीं शांतपणें दोन प्रश्न विचारले. पहिला, त्या गाडींत पाणी कोणतें घालीत होतां? विहिरीचें, आम्हीं म्हटलें. आणि विहिरीच्या जड पाण्याचा क्षार आंतल्या नळ्यांत कसा बसतो तें त्यांनीं सांगितलें. दुसरा प्रश्न असा: "स्विच गेला म्हणून इंजिन जात नाहीं, गुरुजी. कांटा वर गेल्यावरही चालवलें म्हणजे जातें. त्या दिवशीं कांटा कोणी पाहिला नाहीं का?"

आम्हीं उत्तर दिलें नाहीं. कांटा आम्हीं पाहिला होता. मालमोटारीच्या मागें चढत असतांना तो तांबड्या रेघेस लागलेला आम्हांस स्पष्ट दिसला होता. परंतु बोलावयाचें नाहीं अशी आज्ञा होती. दटावणीचा राग मनांत होता. आणि खरें सांगावयाचें तर, गाडी थांबली तर मावशीकडचें जेवण चुकेल हेंही मनांत आलें होतें. सतरा-अठरा वर्षें आम्ही त्या कंपनीस नांवें ठेवीत आलों, तेव्हां आमचा आवाज घरांत सर्वांत मोठा असे.

हें तीर्थरूपांस सांगावयास आम्हांस आणखी दोन महिने लागले. पांचवडच्या फांट्यावरून वाईच्या रस्त्यास वळतांना एकदांचें सांगून टाकलें. ते बराच वेळ बाहेर ऊंसाकडे पाहत राहिले.

"मलाही दिसला होता," ते म्हणाले. "मागें दहा गाड्या होत्या. थांबलों असतों तर सगळ्यांनीं पाहिलें असतें. म्हटलें, दोनच वळणें राहिलीं आहेत."

घरीं पोंचेपर्यंत आम्ही दोघेही कांहीं बोललों नाहीं.

सन २०२४ मध्यें मोटारीस पंधरा वर्षें पूर्ण झालीं. खाजगी गाडीची नोंद तेवढींच वर्षें चालते. पुढें तपासणी करून ती पांच पांच वर्षांनीं वाढवून घ्यावी लागते. त्याचें शुल्क त्या सालीं पांच हजार रुपये होतें, शिवाय पर्यावरण कर निराळा. शेजाऱ्यांनीं सुचविलें कीं एवढा खर्च असल्या कंपनीच्या गाडीवर करण्यापेक्षां ती विकून टाकावी. आम्हीं नोंद वाढवून घेतली. नवें कार्ड आलें तें तीर्थरूपांनीं चष्मा लावून उलटसुलट करून पाहिलें.

"किती सालापर्यंत?"

"२०२९ पर्यंत, बाबा."

त्यांनीं मनांत कांहीं हिशेब केला असावा. कार्ड आमच्या हातीं देत ते म्हणाले, "कंपनी मला अजून पसंत नाहीं हो." आणि सोमवार असल्यामुळें काठी शोधूं लागले. "पाणी पाहिलेंस का?"