दोन तासांची शाळा

प्रवेशासाठी येणाऱ्या आया आधी फी विचारतील असं वाटतं, पण बऱ्याच जणी वार विचारतात. "ताई, सोम-बुध-शुक्र पाठवलं तर चालेल का? लहान आहे हो अजून." डोंबिवलीत तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत मी खेळगट चालवते. दोन ते तीन वर्षांची मुलं, वेळ सकाळी दहा ते बारा. मदतीला एक मावशी आहेत. मुलं त्यांना माझ्यापेक्षा जास्त मानतात.

लहान आहे म्हणून दिवसाआड, हा हिशेब मोठ्यांना पटतो. मला मात्र अनुभव उलटा आला. दोन वर्षांच्या मुलाला बुधवार म्हणजे काय ते कळत नाही. सोमवारी रडून रडून ते जरा स्थिरावतं, मंगळवारी घरी आजीच्या मागे मागे फिरतं आणि बुधवारी दारात आलं की पहिल्यापासून सुरू. याउलट रोज तासभरच येणारं मूल लवकर रुळतं. म्हणून मी आयांना सांगते, दिवस कमी करू नका, वेळ कमी करा. पहिला आठवडा तासभर, मग खाऊपर्यंत, मग बारापर्यंत. काहींना वाटतं, मी फीसाठी हे बोलते. फी मी वारांवर ठेवलेलीच नाही, तरी वाटतं.

एका आजींनी मात्र मला यावर विचार करायला लावला. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. नातवाला त्या तीनच दिवस आणत आणि तो छान रमला होता. विचारल्यावर म्हणाल्या, "उरलेल्या दिवशी मी घरी तुमचीच शाळा भरवते. दहा वाजता सतरंजी, मग पाणी, मग डबा, मग गाणं. डबा घरातच खायचा, पण डब्यातूनच." म्हणजे वारापेक्षा क्रम महत्त्वाचा. दोन वर्षांच्या मुलाचं घड्याळ त्या क्रमावरच चालतं. "आई बाराला येईल" याला त्याच्या लेखी काही अर्थ नाही. "खाऊ झाला, गाणं झालं, की आई" हे त्याला समजतं, आणि समजल्यावर ते त्याचा हिशेब ठेवतं.

एकदा लोकल रखडल्या आणि एका मुलीचे बाबा अडकले. गाणं संपलं. तिनं पिशवी खांद्याला लावली, चपला घातल्या, उलट्यासुलट्या, आणि दाराशी उभी राहिली. रडली नाही, पण आता बाबा यायलाच हवेत असा चेहरा. मावशींनी शांतपणे तिला परत सतरंजीवर बसवलं आणि गाणं पुन्हा सुरू केलं. ते संपलं, तर आणखी एकदा. बाबा घामाघूम होऊन आले तेव्हा मावशींचा घसा बसला होता आणि त्या मुलीच्या दृष्टीनं सगळं वेळेवर चाललं होतं.

म्हणूनच आईनं मुलाची नजर चुकवून पळू नये, यावर मी अडून बसते. खेळण्यात गुंतलं की हळूच सटकायचं, हा सल्ला शेजारीपाजारी हमखास देतात. त्या दिवशी रडणं वाचतं खरं. पण मग ते मूल ठोकळे हातात घेऊन दाराकडे बघत बसतं, खेळत नाही. सांगून जावं, रडू द्यावं. रडणं बहुतेक वेळा पाण्याच्या घमेल्यापर्यंत टिकतं.

ते घमेलं म्हणजे आमच्याकडची सगळ्यात मोठी गोष्ट. त्यात पाणी, दोन स्टीलचे पेले, एक नरसाळं, एक लहान बाटली. मूल आधी नुसतं थापट्या मारतं. मग एका पेल्यातून दुसऱ्यात ओतायला लागतं, अर्धं बाहेर सांडतं. काही दिवसांनी दुसऱ्या हातानं पेला धरायचं त्याचं त्यालाच सुचतं. मग नरसाळं बाटलीत बसवतं, पाणी भरत वर येताना बघतं आणि बाटली भरून वाहिली की आधी दचकतं, मग हसतं. एवढ्यात अर्धा तास जातो. बाहेर उभे असलेले बाबा विचारतात, "एबीसीडी कधी सुरू करणार?" मी म्हणते, "त्याचं मनगट तयार होऊ दे." पटत नाही, पण मावशी लादी पुसत असतात, त्यामुळे वाद वाढत नाही.

दोन तास मुलाला पुरतात. त्याहून जास्त झाले की ते पेंगतं, चावतं, नाहीतर उगाच ढकलाढकली करतं. पण हे दोन तास नोकरी करणाऱ्या आईच्या काय कामाचे? इथून मुंबईला जाऊन यायलाच त्याहून जास्त वेळ लागतो. २०१७च्या दुरुस्तीनं बाळंतपणाची रजा २६ आठवड्यांची झाली, तीही जिथे कायदा पाळतात तिथे. मूल दोन वर्षांचं होईपर्यंत मधला दीड वर्षाचा काळ आजी नाहीतर पाळणाघर. आमच्याकडे काही मुलं पाळणाघरातूनच येतात, तिथल्या बाई दहाला सोडतात आणि बाराला नेतात. ही मुलं दारात रडत नाहीत. सगळे त्यांना गुणी म्हणतात. मला त्यांच्याकडे जरा जास्त लक्ष द्यावंसं वाटतं, कारण गाणं झाल्यावर त्यांची आई येत नाही. त्यांच्यासाठी आम्ही ओळ बदलतो: गाणं झालं की बाई, मग झोप, मग आई.

शिकत असताना आम्हाला कोसबाडला नेलं होतं, डहाणू तालुक्यात. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर नेलं. तिथे त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणली, कारण धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन बसलेली मोठी बहीण त्याशिवाय शाळेत येऊच शकत नव्हती. तेव्हा मला ती आदिवासी पाड्यापुरती सोय वाटली. आता रोज दहा वाजता पाळणाघरातल्या बाईंच्या हातून मूल घेताना वाटतं, ती व्यवस्था आमच्या गल्लीला जास्त हवी आहे.

पलीकडच्या वस्तीत अंगणवाडी आहे. २ ऑक्टोबर १९७५ला सुरू झालेली योजना, पण त्यातलं शिकवणं तीन ते सहा वयासाठी. त्याहून लहान मुलांचं वजन करतात, लस झाली का बघतात, घरी न्यायचा शिधा देतात. २०२०च्या शिक्षण धोरणातला पायाभूत टप्पाही तिसऱ्या वर्षापासून. दोन ते तीन हे वय त्यामुळे ज्याचं त्यानं बघायचं. ज्यांच्या घरी दुपारी कोणीतरी असतं, त्यांनाच दोन तासांची शाळा परवडते.

बाकी वर्षाचं म्हणाल तर जून-जुलै नाकं पुसण्यात जातात. एकाला सर्दी झाली की आठवड्यात निम्मी सतरंजी रिकामी. मुलं जरा रुळतात तोवर गणपती येतात, गावाला गेलेली परत येऊन रडतात. दिवाळीनंतर तेच, फक्त थोडं कमी.

नर्सरीसाठी ३१ डिसेंबरला तीन वर्षं पूर्ण लागतात. त्यामुळे जानेवारीत जन्मलेलं एखादं मूल आमच्याकडे आणखी एक वर्ष राहतं. यंदा असा एक आहे. पाणी ओतण्यात त्याला आता काडीचाही रस नाही. त्याला मावशींनी राजमा आणि वाल वेगळे करायचं काम दिलं आहे, सतरंज्याही तोच घालतो, आणि बाराला त्याचा पाय निघत नाही. त्याला साडेबारापर्यंत ठेवतो. त्याची आई म्हणते, एकपर्यंत ठेवा ना. मावशी म्हणतात, मग जेवणाचं बघावं लागेल.